विकत घेतलेला चित्रपट माझ्या वर्गाला दाखवू द्या

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते, वितरक आणि या चित्रपटांचे डिजिटल हक्क ज्यांच्याकडे आहेत ते सर्वजण

विषय : शाळांना चित्रपटाची ‘शाळा-प्रत’, म्हणजे शाळेच्या नावावरची आणि शाळेच्या सगळ्या उपकरणांवर चालणारी प्रत, विकत मिळावी

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सातवीला मराठी शिकवते. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकाचा चित्रपट मी ऑनलाइन विकत घेतला. दोन दिवसांच्या भाड्याने नाही, कायमचा. 150 रुपये माझ्या खात्यातून गेले, पावती मोबाइलवर आली. चित्रपटाचे आणि तो विकणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटायचा नाही.

शाळेत 12 टॅब आहेत. गावाने वर्गणी काढली, यात्रेच्या हिशेबातून उरलेली रक्कम त्यात घातली आणि मुंबई-पुण्याला कामाला असलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी कमी पडले ते भरले, तेव्हा ते आले. प्रत्येक टॅबच्या पाठीवर मी लाल नेलपॉलिशने 1 ते 12 आकडे घातले आहेत. त्यामुळे कोणता टॅब कोणत्या गटाचा यावरून भांडण होत नाही. वर्गाचा पट 34. दोघातिघांत एक टॅब येतो.

शाळेत रेंज फक्त एका खिडकीपाशी मिळते. म्हणून शनिवारी बाराही टॅब दोन पिशव्यांत घालून मी तालुक्याच्या गावी, घरी आणले. जेवणे आटोपल्यावर बसले. टॅब वाय-फायला जोडायचा, माझे खाते उघडायचे, चित्रपट उतरवून घ्यायचा, की पुढचा टॅब. पाच झाले. सहाव्यावर सूचना आली, की या खात्यावरून आणखी उपकरणांवर चित्रपट उतरवता येणार नाही. मला वाटले नेटची अडचण असेल. टॅब बंद करून चालू केला. मग पहिल्यावरचा काढून टाकला, तर सहाव्यावर आला, पण पहिला रिकामा झाला. रात्री साडेअकरापर्यंत मी हेच करत होते. टॅब बारा आणि चित्रपट पाचांवरच.

सोमवारी शाळेचा जुना प्रोजेक्टर बाहेर काढला. टॅबवरून केबल जोडली तर आवाज आला, पण भिंत काळीच राहिली. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका तंत्रस्नेही शिक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, केबल बदलून उपयोग नाही. चित्रपटाला कुलूप आहे आणि आपल्या प्रोजेक्टरकडे त्याची किल्ली नाही. म्हणून टॅब चित्र सोडत नाही.”

त्या दिवशी पाच गटांनी चित्रपट पाहिला आणि बाकीची मुले त्यांच्या खांद्यांवरून डोकावत उभी राहिली. थोड्या वेळाने एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, “बाई, आमच्या दादाच्या मोबाइलमध्ये हा पिक्चर आहे. कुठल्यातरी ग्रुपवरून घेतलाय. कार्डात भरून आणू का? सगळ्या टॅबला चालंल.”

मी नको म्हटले. का नको तेही सांगितले. ज्यांनी राबून चित्रपट केला त्यांचे पैसे बुडतात, ती चोरी आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुम्ही तर इकत घेतलाय. तो का चालत नाही?”

मला उत्तर देता आले नाही. त्याचा प्रश्न मी तुमच्याकडे घेऊन आले आहे, कारण उत्तर तुमच्या हातात आहे.

आता कोणी म्हणेल, की प्रोजेक्टर दुरुस्त करा, एकच मोठा पडदा लावा, सगळी मुले एकदम बघतील, टॅबचा हट्ट कशाला? मोठा पडदा मलाही आवडतो. मी पाचवीत होते तेव्हा शाळेने आम्हाला रांगेने तालुक्याच्या टॉकीजमध्ये नेले होते, सवलतीच्या तिकिटात. अंधारात अडीचशे मुलांनी एकदम श्वास रोखला होता तो क्षण मी विसरलेले नाही. ते सुख टॅबवर मिळत नाही. पण चित्रपट बघणे आणि चित्रपट शिकणे यांत फरक आहे. कविता मी वर्गाला आधी एकदा मोठ्याने म्हणून दाखवते. मग मुलांना पुस्तक उघडायला लावते, कारण ओळीवर बोट ठेवून मागे जाता आले पाहिजे. चित्रपटातही मागे जाता आले पाहिजे, आणि 34 मुलांना एकाच जागी मागे जायचे नसते.

त्या सोमवारची एक गोष्ट सांगते. या चित्रपटात एक प्रसंग आहे. शहरातून मुलगा परत आला आहे, नोकरी गेल्याचे त्याने घरात अजून सांगितलेले नाही. आई विहिरीवरून येते, उंबऱ्यापाशी थांबते. मुलगा तोंड उघडायच्या आत ती डोक्यावरची कळशी खाली ठेवते. एवढेच. संवाद नंतर येतात. चार नंबरच्या टॅबवर बसलेल्या तीन मुलींनी तो तुकडा थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला, असे चार वेळा केले. मग त्यांच्यातली एक माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाई, आईला आधीच कळलंय ना? तो बोलायच्या आधीच तिनं कळशी ठेवली.”

मी हा चित्रपट त्याआधी दोनदा पाहिला होता. कळशी माझ्या लक्षात आली नव्हती.

पुढचा अर्धा तास वर्गात कळशीवरच बोलणे झाले. एकाचे म्हणणे, ओझे जड होते म्हणून ठेवली. दुसरीचे म्हणणे, मग ती रोज उंबऱ्यातच का ठेवत नाही, मागच्या प्रसंगात तर थेट चुलीपाशी नेली होती. लगेच मागचा प्रसंग काढून बघितला गेला. खरेच चुलीपाशी नेली होती. न बोललेले वाचायला शिकवण्यासाठी मी वर्षानुवर्षे धडे घेते आहे, आणि बारा वर्षांच्या तीन मुली एका टॅबवर ते आपसूक शिकल्या. ज्या दिग्दर्शकाने ती कळशी तिथे ठेवायला सांगितली, ज्या नटीने ती ठेवली, त्यांना हे कळले तर किती बरे वाटेल, असे मला त्या वेळी फार वाटले. पण हे पाच गटांत घडले. बाकीच्या सात गटांना कळशी नीट दिसलीही नाही.

माझ्या वर्गात कानाला यंत्र लावणारी एक मुलगी आहे. मोठ्या पडद्यासमोर बसवले तर पंखा, कुजबूज आणि भिंतीवरून परत येणारा आवाज यांतून तिला संवाद सुटे करता येत नाहीत. टॅबला हेडफोन लावला आणि खाली संवादांची अक्षरे आली तर ती सगळ्यांच्या बरोबरीने चालते. या मराठी चित्रपटाला अक्षरे होती फक्त इंग्रजी. तिने वाक्य थांबवून थांबवून, माझ्याकडून अर्थ विचारून चित्रपट पाहिला. थांबवायची सोय होती म्हणून तरी पाहिला.

कायदा काय म्हणतो, हे मी त्यानंतर शोधून वाचले. वकिलीचे माझे शिक्षण नाही, पण मराठी वाचता येते तसे कायद्याचे साधे इंग्रजीही सावकाश वाचता येते. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 52 मध्ये कोणत्या गोष्टींनी हक्कभंग होत नाही याची लांब यादी आहे. त्या यादीतला ‘जे’ हा खंड शाळांबद्दल आहे. शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला, आणि बघणारे त्या संस्थेचे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढेच असले, तर तो हक्कभंग नाही. एवढेच नाही, अशा प्रेक्षकांपर्यंत चित्रपट पोहोचवणे हे शब्दही त्यात आहेत. त्याच्याच आधीचा ‘आय’ हा खंड म्हणतो, की शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत केली तर तोही हक्कभंग नाही.

या ‘आय’ खंडावर दिल्ली उच्च न्यायालयात मोठा खटला झाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतली पाने एकत्र करून मुलांना दिली जात होती, आणि परदेशी प्रकाशक त्याविरुद्ध गेले होते. 2016 च्या सप्टेंबरमध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे फक्त वर्गातला तास असा आखूड अर्थ त्यांनीही घेतला नाही. तो खटला पुस्तकांचा होता, चित्रपटांचा नव्हता, हे मला मान्य आहे. तरी आपला कायदा शिक्षकाकडे संशयाने बघत नाही, एवढे त्यातून दिसते.

म्हणजे कायदा मला होय म्हणतो. अडवतात त्या दोनच गोष्टी. एक, विकत घेताना मान्य कराव्या लागणाऱ्या अटींतली ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ ही ओळ. दुसरे, ते कुलूप.

कुलपाबद्दलही कायद्यात लिहिले आहे. 2012 च्या दुरुस्तीत 65 ए हे कलम आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी तसे केले तर ते कलम आड येत नाही. फक्त जो कोणी ते करायला मदत करेल त्याने ज्याला मदत केली त्याचे नाव-पत्ता आणि सगळा तपशील लिहून ठेवायचा. कागदावर मला वाट आहे. पण सातवीच्या बाईंनी कुलूप तोडणारा माणूस शोधत हिंडायचे, हे मला पटत नाही, आणि मी ते करणार नाही. मुलाला मी ज्या तोंडाने चोरी नको म्हटले त्याच तोंडाने कुलूप तोडायची गोष्ट बोलायची नाही. मला किल्ली हवी आहे. तुम्ही दिलेली, आणि पैसे देऊन घेतलेली.

अजून एक अडचण आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. माझी झाली, की मी शाळेचा चार्ज देणार. शाळेत जे काही आहे ते डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले असते आणि ते मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यायचे असते. आमच्या लोखंडी कपाटात केंद्र सरकारच्या बाल चित्रपट समितीच्या दोन व्हीसीडी अजून आहेत. एकीवर ओरखडा आहे, तरी रजिस्टरला दोन्हींची नोंद आहे. किती मुख्याध्यापक आले आणि गेले, त्या डिस्क जागेवर आहेत. 150 रुपयांचा हा चित्रपट मात्र रजिस्टरला चढवता येत नाही. पावती माझ्या नावाची, खाते माझे, पासवर्ड माझा. माझी बदली झाली की चित्रपट माझ्याबरोबर जाणार आणि त्या शाळेतल्या मुलांच्या हाती काही राहणार नाही. शाळेच्या पैशांतून घ्यावा तर लेखापरीक्षणात पहिला प्रश्न येतो, पावती शाळेच्या नावाची का नाही? म्हणून तो मी माझ्या पैशांनी घेतला. शेकडो शिक्षक असेच स्वतःच्या खिशातून घेत असतील.

‘विकत घ्या’ या शब्दाबद्दल जगात आता विचार सुरू झाला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये कायदा केला. ग्राहकाला नुसता वापराचा परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानदाराला ‘विकत घ्या’ असे लिहिता येत नाही. 1 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला. आपल्याकडे तसा कायदा व्हायची वाट बघा असे मी म्हणत नाही. मराठी चित्रपटसृष्टीने मनावर घेतले तर कायद्याआधीच चांगली रीत पडू शकते.

रीत पाडता येते, हे इतरांनी दाखवले आहे. इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांसाठी तिथले शिक्षण खातेच चित्रपट दाखवायचे परवाने सगळ्यांच्या वतीने एकत्र घेते. धड्याचा भाग नसताना, नुसता विरंगुळा म्हणून चित्रपट दाखवायचा असला, तरी तिथल्या शिक्षिकेला वेगळी परवानगी मागायला जावे लागत नाही. नेटफ्लिक्सने स्वतः बनवलेल्या काही माहितीपटांना शाळा-महाविद्यालयांत दाखवायची परवानगी आधीच देऊन ठेवली आहे. तिकीट लावायचे नाही आणि पैसे गोळा करायचे नाहीत, या मुख्य अटी. अ‍ॅपल शाळांना अ‍ॅप घाऊक विकते. शाळेने तीस परवाने घ्यायचे, तीस उपकरणांना वाटायचे, मूल शाळा सोडून गेले की तो परवाना काढून दुसऱ्याला द्यायचा. परवाना शाळेचाच राहतो. पण त्या व्यवस्थेत चित्रपट नाहीत. अ‍ॅपला जे जमते ते चित्रपटाला न जमण्यासारखे काय आहे?

म्हणून माझी मागणी शाळा-प्रतीची आहे. ती कशी असावी, हे मी, आमच्या केंद्रातल्या दोन-तीन शिक्षकांनी आणि त्या तंत्रस्नेही सरांनी शिक्षण परिषदेच्या दिवशी चहाच्या वेळात बसून ठरवले आहे.

शाळा-प्रत शाळेच्या नावावर असावी. पावतीवर मुख्याध्यापकांचे पद असावे, माणसाचे नाव नको. ती शाळेच्या मालकीच्या सगळ्या उपकरणांवर चालावी, मग ती 12 असोत की 40. इंटरनेट नसतानाही चालावी. हे तर पहिले, कारण आमच्यासारख्या हजारो शाळांत नेटची हीच परिस्थिती आहे. चित्रपट शाळेतल्या एका छोट्या सर्व्हरवर ठेवला आणि वर्गातले टॅब त्याला वाय-फायने जोडले, तर बाहेरचे नेट लागत नाही. शिकवण्याच्या व्हिडिओंसाठी हे काही शाळांत चालूच आहे. जुन्या प्रोजेक्टरवर चित्र यावे. तीन-चार मिनिटांचा तुकडा निवडून धड्याला जोडता यावा. आणि मराठी चित्रपटाला मराठी अक्षरे असावीत. माझ्या त्या एका मुलीसाठी तर हवीतच, पण जी मुले घरी भिलोरी, पावरी, गोंडी किंवा बंजारा बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात, त्यांना ऐकलेला शब्द लिहिलेला दिसणे ही फार मोठी मदत आहे. याचा खर्च एकदाच करायचा आहे.

तुमची भीती मला कळते. कुलूप काढले की चित्रपट दुसऱ्या दिवशी गावभर होईल. चोरीने तुमचे किती नुकसान होते हे मी रोज बघते. माझ्याच विद्यार्थ्याच्या दादाच्या मोबाइलमध्ये तो चित्रपट आहे. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आला, तेव्हा मला ते योग्यच वाटले होते. पण बघा, चोरीची प्रत आमच्या गावात आधीच पोहोचली आहे. तिला कुलूप नाही, ती बाराही टॅबवर चालते. तुमचे कुलूप लागले आहे ते फक्त पैसे देणाऱ्याला.

तरीही सावधगिरी हवी, आणि तिची सोय सोपी आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेला 11 आकडी यू-डायस क्रमांक आहे. शाळा-प्रतीच्या चित्रावर कोपऱ्यात तो क्रमांक फिकट अक्षरांत सतत दिसू द्या. डोळ्यांना न दिसणारी खूणही आत ठेवा. प्रत बाहेर गेली तर कोणत्या शाळेतून गेली ते लगेच कळेल, आणि ती जबाबदारी आम्ही लेखी घेऊ. मुख्याध्यापक सही करतील, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडू. पोषण आहाराच्या धान्याचा हिशेब आम्ही किलो-ग्रॅममध्ये ठेवतो. चित्रपटाचाही ठेवू.

किमतीबद्दल मोकळेपणाने बोलते. आमच्या शाळेचा पट 118 आहे. 101 ते 250 पटाच्या सरकारी शाळेसाठी समग्र शिक्षा अभियानाच्या निकषात वर्षाला 50,000 रुपये संयुक्त अनुदान आहे. त्यातच वीजबिल, खडू, रजिस्टरे, दुरुस्त्या, स्वच्छता. एका चित्रपटाला 500 रुपये मी समितीच्या बैठकीत मांडले तर मंजूर होतील, याची मला खात्री आहे. वर्षाला चार चित्रपट घेऊ. एका चित्रपटाला 5,000 म्हणालात तर विषय तिथेच संपेल. तुम्हाला 500 रुपये थोडे वाटतील. पण आज आमच्याकडून तुम्हाला मिळतात ते एका शिक्षिकेचे 150, तेही त्यातले कंपनीचे वजा जाऊन. आणि चित्रपटगृहातून कधीच उतरलेले, वाहिन्यांवर लागायचे बंद झालेले कितीतरी चांगले मराठी चित्रपट आज कोणालाच काही मिळवून देत नाहीत. ते शाळांना हवे आहेत.

यात सरकारचाही वाटा आहे, म्हणून दोन शब्द तिकडेही. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देते, ते लोकांच्या पैशांतून. त्या अनुदानाच्या अटींत एक ओळ वाढवावी, की अनुदान घेतलेल्या चित्रपटाची मराठी अक्षरांसह शाळा-प्रत प्रदर्शनानंतर दोन वर्षांत उपलब्ध करून द्यावी. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून आमची मुले दीक्षा या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवरचे व्हिडिओ बघतात. तशीच वाट चित्रपटांच्या तुकड्यांना मिळावी. बाल चित्रपट समिती 1955 मध्ये स्थापन झाली, 2022 मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. समितीचे जे चित्रपट लोकांच्या पैशांनी मुलांसाठीच बनले, त्यांच्या शाळा-प्रतीपासून सुरुवात करायला तर कोणाचीच हरकत नसावी.

सरकार करील तेव्हा करील. तुम्ही त्याआधी करू शकता, म्हणून पत्र तुम्हाला लिहिले. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे राहतो. या वर्षी आलेला चित्रपट हक्कमुक्त होईल तेव्हा माझी सातवीतली मुले 72 वर्षांची असतील. त्यांना तो आता बघायचा आहे.

तुमच्यापैकी कोणाला शंका असेल तर एकदा आमच्या वर्गात येऊन बसा. मी शिकवते तेव्हा नाही, मुले टॅबवर बसतात तेव्हा. दिग्दर्शकाने यावे, संकलकाने यावे, ज्यांनी आवाज दिला त्यांनी यावे. आमच्याकडे बसायला सतरंजी आहे आणि दुपारी खिचडी असते.

पाच नंबरपर्यंतच्या गटांनी तो चित्रपट त्याच आठवड्यात शेवटपर्यंत पाहिला. एकेका गटाकडून टॅब घेऊन मी तो पुढच्या गटाला देते आहे, पण तास कमी पडतात, मध्ये सहामाही परीक्षा आली. आज आठ गटांचा पाहून झाला आहे, चार राहिलेत. ज्यांनी पाहिला त्यांनी बाकीच्यांना शेवट सांगायचा नाही, असे वर्गाने आपसांत ठरवले आहे, आणि अजून कोणी सांगितलेला नाही.

आपली,
सातवीच्या वर्गशिक्षिका,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा